नळीचा दिवा उतरवितांना

सायंकाळीं साडेसातच्या सुमारास वसई, नालासोपारा किंवा विरार यांपैकीं कोणत्याहि स्टेशनावर गाडींतून उतरलेला गृहस्थ घरीं पोंचतो, चपला काढतो आणि भिंतीवरचें बटण दाबतो. छताजवळची नळी एकदां लुकलुकते, दुसऱ्यांदां लुकलुकते, पट्टींतला चोक किंचित् गुणगुणतो आणि मग खोलींत पांढरा उजेड पसरतो. या दोन-तीन क्षणांची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, आपण दिव्याची वाट पाहत आहों हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं. परंतु हा दिवा आतां निरोप घेण्याच्या बेतांत आहे. बाजारांत त्याची जागा एलईडीच्या पट्टीनें केव्हांच घेतली आहे. घरांतूनहि तो एकेक करून उतरूं लागला आहे.

या उतरविण्याच्या कामांत तीन प्रश्न असतात. दिवा बदलावा कां, हा पहिला. कसा बदलावा, हा दुसरा. आणि उतरविलेल्या नळीचें करावें काय, हा तिसरा. पहिल्याची चर्चा घरोघरीं होते, दुसरा आपण वायरमनवर सोंपवितों आणि तिसरा बहुधा कोणी विचारीतच नाहीं. आज मला या तिन्ही प्रश्नांविषयीं बोलावयाचें आहे. तरी माझ्या बोलण्याचा मुख्य रोख तिसऱ्याकडे आहे, हें आरंभींच सांगून ठेवितों.

प्रथम, हा जुना दिवा जळतो तरी कसा, तें पाहूं. नळींतील हवा काढून तींत थोडासा आर्गॉन वायु आणि अगदीं अल्प प्रमाणांत पारा घातलेला असतो. दोन्ही टोंकांस टंगस्टनच्या बारीक तारा असतात. बटण दाबलें कीं प्रवाह प्रथम स्टार्टरमधून जातो आणि या तारा तापतात. स्टार्टर उघडतांच चोकाच्या वेटोळ्यांतून विजेचा एक जोराचा झटका नळीला बसतो आणि आंतील वायूंतून प्रवाह वाहूं लागतो. त्या प्रवाहांतील इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळले म्हणजे ते अणु डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण फेंकतात. नळीच्या आंतल्या अंगाला जी पांढरी भुकटी दिलेली असते, तिच्यावर हे किरण पडून दृश्य प्रकाश निघतो. उजेड भुकटीचा खरा, पण तिला उजळविणारा पारा. चोकाचें आणखी एक काम असतें. वायूंतून एकदां वाट सांपडली कीं प्रवाह बेसुमार वाढूं पाहतो. त्याला चोक आवर घालतो. हें करतांना तो स्वतः तापतो, आणि त्या तापण्याचे पैसे आपण भरतों.

एलईडीची तऱ्हा निराळी आहे. तिच्यांत नळी नाहीं, वायु नाहीं, पारा नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांचा एक बारीक दाणा असतो. त्या थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत उतरतात आणि उतरतांना जी ऊर्जा सोडतात, ती प्रकाशरूपानें बाहेर पडते. तांबड्या प्रकाशाचा असा दाणा १९६२ सालींच तयार झाला होता; पण तांबड्या उजेडांत कोणी घर चालवीत नाहीं. निळा प्रकाश देणारा तेजस्वी दाणा हातीं येण्यास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. तो साध्य करणारे आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दाण्यावर पिंवळा प्रकाश देणारें लुकण चढविलें कीं निळा आणि पिंवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. या दाण्यांना थोड्या दाबाची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. ती देणारें लहानसें यंत्र पट्टीच्या आंत बसविलेलें असतें. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आतां हिशेब. चार फुटी नळीवर ३६ वॅट असें छापलेलें असतें. तांब्याच्या वेटोळ्याचा जुना चोक आणखी १२ ते १४ वॅट खातो. एकूण ५० धरूं. तिच्या जागीं २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर ३० वॅट वांचतात. दिवा रोज सहा तास जळत असेल, तर महिन्याला सुमारें साडेपांच युनिटें आणि वर्षाला ६६ युनिटें वांचलीं. युनिटास १० रुपये धरले तर एका दिव्यामागें वर्षाचे ६६० रुपये झाले, आणि साधी पट्टी दोन-तीनशें रुपयांत मिळते. यांत एक बारकावा आहे. महावितरणाचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. म्हणून वांचलेलें युनिट नेहमीं आपल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यांतलें असतें. बिलावरील सरासरी दरापेक्षां बचत अधिक भरते, ती यामुळें.

सोसायटीच्या जिन्यांतला दिवा तर रात्रभर, म्हणजे बारा तास जळतो. तेथें एका नळीमागें वर्षाला १३१ युनिटें वांचतात. दहा नळ्या असल्या तर १,३००हून अधिक. म्हणून ज्या सोसायटीला आरंभ कोठून करावा असा प्रश्न पडतो, तिनें जिन्यापासून करावा. उलट, ज्यांच्या घरीं बारीक २८ वॅटची नळी इलेक्ट्रॉनिक चोकावर चालते, त्यांची बचत दहा-बारा वॅटांपलीकडे जात नाहीं. कोठीच्या खोलींत दिवसांतून दहा मिनिटें जळणारी नळीहि उगाच उतरवूं नये. नळी जोंवर अभंग आहे, तोंवर तिच्यांतला पारा कोणाचें वांकडें करीत नाहीं.

थोडें गांवाच्या मापानें पाहूं. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत २०११ च्या जनगणनेप्रमाणें १२ लाखांहून अधिक माणसें होतीं. चार माणसांचें एक घर धरलें तर तीन लाख घरें होतात. प्रत्येक घरांत जुन्या तऱ्हेच्या तीन नळ्या होत्या असें केवळ हिशेबासाठीं मानूं. म्हणजे नऊ लाख नळ्या. त्या सर्व एका वेळीं जळत असतील, तर बदलानें २७ मेगावॅटांची मागणी उतरेल. आपल्याच पालघर जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ सालीं जे दोन अणुविद्युत्-संच सुरू झाले, त्यांतील प्रत्येकाची क्षमता पुढें १६० मेगावॅट ठरविण्यांत आली. त्यांपैकीं एका संचाच्या सहाव्या हिश्श्याएवढी ही बचत झाली. हा नऊ लाखांचा आंकडा कृपा करून लक्षांत ठेवावा. त्याची दुसरी बाजू मागाहून पाहावयाची आहे.

बचत पटली तरी गृहिणींचा एक रास्त आक्षेप उरतो. नवा दिवा लावला आणि खोली अंधारल्यासारखी झाली, असें त्या म्हणतात. याचें कारण असें कीं, जुनी नळी चहूंकडे प्रकाश टाकते. त्यांतला बराचसा छतावर आणि पट्टीवर जातो. एलईडीची पट्टी बहुतेक सारा प्रकाश खालीं टाकते. मेजावरचें पुस्तक तितकेंच उजळतें, पण छत काळवंडतें. म्हणून खरेदी करतांना वॅट पाहूं नयेत, ल्यूमेन पाहावेत. वॅट हा दिव्याचा खर्च. ल्यूमेन ही त्याची मिळकत. चार फुटी पट्टीचे २,००० ल्यूमेन असले तर मध्यम खोलीस पुरे होतात. शिवाय रंगाची निवड असते. खोक्यावर ६,५०० के असें छापलें असेल तर उजेड निळसर पांढरा, आणि ३,००० के असेल तर दिवेलागणीची आठवण देणारा पिंवळसर. अभ्यासाला ४,००० ते ६,५०० चांगला, निजण्याच्या खोलींत ३,००० सौम्य. स्वयंपाकघरांत रंग खरे दिसणें अगत्याचें. तेथें रंगदर्शनाचा अंक, ज्याला सीआरआय म्हणतात, तो ८० किंवा अधिक असावा. पापलेट ताजें आहे कीं नाहीं तें ज्या उजेडांत कळत नाहीं, तो उजेड स्वयंपाकघरांत काय कामाचा?

आतां दुसरा प्रश्न: दिवा बदलावा कसा? रीति तीन आहेत. पहिली, जुनी पट्टी चोक-स्टार्टरसकट उतरवून एलईडीची अखंड पट्टी लावणें. ही सर्वांत निर्वेध. दुसरी, जुनी पट्टी आणि चोक तसाच ठेवून त्यांत एलईडीची नळी बसविणें आणि स्टार्टर काढून तिच्याबरोबर मिळणारा बनावट स्टार्टर लावणें. जुन्या वेटोळ्याच्या चोकाबरोबर चालेल असें ज्या नळीवर लिहिलें असेल, तिलाच ही रीति लागू. तिसरी, चोक व स्टार्टर दोन्ही काढून पट्टींतल्या तारा बदलणें आणि वीज थेट होल्डरला देणें. कांहीं नळ्यांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोंकास लागतात, कांहींना एकेक टोंकास एकेक. कोणती नळी कोणत्या जातीची, हें तिच्यावरच्या आकृतींत दिलेलें असतें, आणि ती आकृति वाचल्याशिवाय हात घालूं नये.

या तिसऱ्या रीतीनें आमच्या इमारतींत काय झालें, तें सांगतों. जिन्यांतल्या दहा नळ्या बदलल्या. वायरमननें चोक काढून फेज आणि न्यूट्रल एकाच टोंकास जोडले. दिवे उत्तम लागले. आठेक महिन्यांनीं दुसऱ्या मजल्यावरची एलईडी नळी गेली. आमच्या रखवालदारास पट्टी तीच जुनी दिसली. त्यानें माळ्यावर राहिलेली एक जुनी फ्लुओरेसंट नळी आणली आणि तींत चढविली. त्या नळीच्या टोंकाची बारीक तार थेट घरच्या दाबावर आली. लखलखाट झाला, कांच तडकली, मुख्य स्विच पडला आणि दचकून तो स्टुलावरून खालीं आला. हाताचें हाड मोडलें, सहा आठवडे प्लास्टरांत गेले. चूक त्याची नव्हती. पट्टीचें पोट बदललें होतें आणि चेहरा तोच ठेवला होता. हें आम्हीं कोठें लिहून ठेवलें नव्हतें. तेव्हांपासून आमच्या प्रत्येक पट्टीवर ‘फक्त एलईडी, चोक नाहीं’ अशी चिठ्ठी डकविलेली आहे. ज्यांनीं ही रीति वापरली असेल, त्यांनीं आज रात्रींच ती चिठ्ठी लावावी, अशी माझी विनंति आहे.

दिवा बदलतांना भिंतीवरचें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. जुन्या घरांत पुष्कळदां बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतें. दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो. म्हणून मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करावा. एलईडीचा दिवा बंद केल्यावरहि मंद तेवत असेल, तर तें बहुधा अशा उलट्या जोडणीचें किंवा बटणांतील दर्शक-दिव्याचें लक्षण असतें. त्याकडे कौतुकानें पाहूं नये, वायरमनला बोलवावें.

आपल्या भागांत या दिव्याचा आणखी एक उपयोग आहे. पावसाळ्यांत वीज जाणें आपणांस नवें नाहीं. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या आणि अनेक भागांत वीज बंद राहिली, तें आपण विसरलों नसूं. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून सुमारें १,००० वॅट-तास कामीं येतात असें धरलें, तर चार जुन्या नळ्या पांच तास चालतील. चार एलईडी पट्ट्या बारा तासांहून अधिक. पुराच्या रात्रीं पांच तास आणि पहांटेपर्यंत, यांतलें अंतर आजारी माणूस घरीं असलें म्हणजे कळतें.

एलईडी मात्र अमर नव्हे. तिचे दाणे बहुधा मरत नाहींत. मरतो तो ड्रायव्हर, आणि त्याचे वैरी दोन: उष्णता आणि विजेच्या दाबाचे झटके. म्हणून पट्टी बंदिस्त खोबणींत कोंडूं नये, भारतीय मानक ब्युरोचें नोंदणीचिन्ह पाहून घ्यावी आणि पावती जपावी. भुईगांव-अर्नाळ्याकडे, जेथें खारी हवा थेट घरांत येते, तेथें ओटीवर किंवा गच्चीवर साधी पट्टी लावूं नये. पाण्या-धुळीपासून बंद केलेली लावावी.

आतां तिसरा प्रश्न. आमच्या जिन्यांतून उतरविलेल्या दहा नळ्यांपैकीं एक माळ्यावर गेली. उरलेल्या नऊ जिन्याखालीं भिंतीला टेंकून ठेवल्या होत्या. सुटीचे दिवस होते. मुलांनीं त्यांच्या तलवारी केल्या. नळी फुटतांना जो फट्ट आवाज होतो, त्याचें मुलांना केवढें आकर्षण असतें तें आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीं सफाईच्या बाईनें कांचा आणि ती पांढरी भुकटी उघड्या हातांनीं, कुंच्यानें गोळा केली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यांत टाकली. आम्हीं सर्वांनीं तें पाहिलें. विजेचें बिल कमी झालें म्हणून त्याच आठवड्यांत आम्हीं पेढे वांटले होते.

त्या भुकटींत पारा होता. नव्या तऱ्हेच्या नळींत तो ३ ते ५ मिलिग्रॅम असतो, जुन्या जाड नळींत त्याहून पुष्कळ अधिक. नळी फुटली म्हणजे त्याची वाफ होते. तिला वास नाहीं, रंग नाहीं. एका नळीनें कोणी आजारी पडेल असें नव्हे. पण आपला नऊ लाखांचा आंकडा आठवावा. नळीमागें ५ मिलिग्रॅम धरले तर साडेचार किलो पारा होतो. पारा इतका जड कीं, हा सारा चहाच्या दोन मोठ्या कपांत मावेल. पण तो कपांत राहत नाहीं. कचऱ्याच्या गाडींत, गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर, नाल्यांत आणि तेथून पावसाच्या पाण्याबरोबर खाडींत, असा तो विखरूं शकतो. खाडीच्या चिखलांतले सूक्ष्म जीव पाऱ्याचें मेथिल-पाऱ्यांत रूपांतर करतात. तो लहान माशांत शिरतो, लहानांना खाणाऱ्या मोठ्यांत सांचतो आणि शेवटीं ताटांत येतो. जपानांतील मिनामाता येथें कारखान्याच्या सांडपाण्यानें हेंच घडलें. तेथील मज्जातंतूंचा भयंकर रोग १९५६ सालीं उघडकीस आला. पाऱ्यावरील जागतिक करारास त्या गांवाचें नांव दिलेलें आहे. भारतानें तो करार २०१८ सालीं मान्य केला, आणि २०२३ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत करारांतील राष्ट्रांनीं फ्लुओरेसंट नळ्यांचें उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेर थांबविण्याचें ठरविलें. आपली खाडी मिनामाता झाली आहे, असें मी म्हणत नाहीं. पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा येथील मासळीवर ज्यांचीं घरें चालतात आणि जी आपण आवडीनें खातों, तिच्या पाण्यांत आपल्या बचतीचा पारा जाऊं नये, एवढेंच म्हणतों.

उपाय अवघड नाहीं. नवी पट्टी ज्या खोक्यांतून येते, त्याच खोक्यांत जुनी नळी घालून उभी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. नळी भंगारवाल्याला देऊं नये. तो ॲल्युमिनियमची टोपणें घेतो आणि कांच फोडतो. प्रत्येक सोसायटीनें कुलूप असलेली एक लांब पेटी ठेवावी आणि भरली म्हणजे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे अथवा महानगरपालिकेच्या ई-कचरा संकलनांत द्यावी. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. पाऱ्याचे दिवे त्यांत मोडतात, उत्पादकांवर त्यांची जबाबदारी टाकलेली आहे आणि मिसळलेला ई-कचरा वेगळा काढण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर आहे. आपण मागणी केली नाहीं, तर कायदा कागदावर राहील. एका नळीसाठीं अधिकाऱ्याकडे जाण्यास संकोच वाटतो. पन्नास सोसायट्यांनीं मिळून एक गाडी मागितली तर वाटणार नाहीं.

नळी फुटलीच, तर खिडक्या उघडाव्या, पंखा बंद करावा आणि मुलांसह पंधरा मिनिटें बाहेर जावें. झाडू किंवा कचरा ओढणारें यंत्र लावूं नये. जाड पुठ्ठ्यानें कांचा उचलाव्या, भुकटी ओल्या कागदानें टिपावी, बारीक कण चिकटपट्टीनें घ्यावे. सर्व झांकणाच्या बरणींत बंद करावें आणि हात धुवावे.

आमच्या इमारतींत आतां जिन्याखालीं तशी पेटी आहे. तिच्या कुलपाची किल्ली त्याच सफाईच्या बाईंकडे आहे, कारण फुटक्या नळीचा धोका आमच्यांत सर्वांत आधीं त्यांच्या हाताला पोंचला होता. कोणी नळी घेऊन आला कीं त्या प्रथम विचारतात, “अख्खी आहे ना?” आपण आपला दिवा उतरवाल, त्या दिवशीं हाच प्रश्न स्वतःस विचारावा.